साठीची अट आणि पंचविशीतला समाज

‘माओरी लोक लस का घेत नाहीत?’ २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा प्रश्न मी जितक्या तोंडून ऐकला, तितका दुसरा कुठलाच ऐकला नाही. दुपारी एक वाजता टीव्हीवर रोजची पत्रकार परिषद लागली की आमच्या चहाच्या खोलीतलं बोलणं थांबायचं. नवे रुग्ण किती, रुग्णालयात किती, लसीकरण किती टक्के. मग वंशानुसार आकडे यायचे. आशियाई वंशाचे सगळ्यांत पुढे, त्यांच्या मागोमाग युरोपीय वंशाचे, मग पॅसिफिक बेटांवरून आलेले आणि सगळ्यांत मागे माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. आकडे संपले की कुणीतरी तो प्रश्न विचारायचंच. मिरजेहून बहीण फोनवर विचारायची. ख्राइस्टचर्चमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तो फिरत असायचा. विचारणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. समोर आकडा होता आणि त्याचं कारण कुणी सांगत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण आपापल्या परीनं कारण लावत होता.

मी तेव्हा लस टोचण्याच्या टेबलावर बसत होते. नर्स म्हणून भारतात आणि इथे मिळून बरीच वर्षं काढलेली आहेत. त्या टेबलावरून जे दिसत होतं, ते या प्रश्नात मावत नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये लसीकरण सुरू झालं फेब्रुवारी २०२१ मध्ये. आधी सीमेवर आणि विलगीकरणाच्या हॉटेलांत काम करणारे, मग आम्ही आरोग्य कर्मचारी, मग पासष्टीपुढचे आणि आधीपासून आजार असलेले. बाकीच्यांची पाळी जुलैच्या अखेरीस आली, तीही वयाच्या पायऱ्यांनी. आधी साठीपुढचे, मग पंचावन्न, असं करत करत १ सप्टेंबरला बारा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. कोविडचा धोका वयाबरोबर वाढतो, म्हणून वयस्करांना आधी.

आता यात एक गोष्ट घालून बघा. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडचं मध्यक वय ३७ च्या वर होतं आणि माओरींचं २५ च्या थोडंसं वर. म्हणजे जवळजवळ निम्मा माओरी समाज पंचविशीच्या आतला. माओरींचं सरासरी आयुर्मानही बाकीच्यांपेक्षा सुमारे सात वर्षांनी कमी. मधुमेह, हृदयविकार, दमा, संधिवाताचा ताप हे सगळं त्यांना लवकरच्या वयात गाठतं. त्यामुळे पंचावन्नच्या माओरी माणसाला असलेला धोका साठी-पासष्टीच्या गोऱ्या माणसाइतका धरायला हवा होता. रांग मात्र वयाच्या दाखल्यावर लावली गेली. जो समाज वयानं तरुण आणि तब्येतीनं आधी थकणारा, तो या रांगेत आपोआप शेवटी गेला. त्याला कुणी मागे ढकललं नाही, रांगेच्या नियमानंच ते काम केलं.

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असं नाही. माओरी डॉक्टर आणि संशोधक आधीपासून सांगत होते. माओरींसाठी वयाची अट खाली आणावी, असा सल्ला आरोग्य मंत्रालयानंही दिला होता. मंत्रिमंडळानं तो मानला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वायतांगी न्यायाधिकरणानं ‘हाउमारू’ हा अहवाल दिला. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात १८४० मध्ये झालेल्या कराराचा भंग कुठे झाला, हे तपासणारं हे न्यायाधिकरण. वयाची अट न बदलण्याचा निर्णय कराराच्या तत्त्वांचा भंग करणारा आहे, असं त्यानं स्पष्ट शब्दांत म्हटलं. तो अहवाल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. टेबलावर बसून जे दिसत होतं, ते त्यात नीट मांडलेलं होतं.

त्याआधी सप्टेंबरात टाळेबंदी सैल झाल्यावर शहराच्या पूर्वेकडच्या एका मराएवर शनिवारी लसीकरण ठेवलं होतं, तिथे माझी ड्यूटी होती. मराए म्हणजे माओरी समाजाचं एकत्र येण्याचं ठिकाण. सभा, सुतक, पाहुणचार, सगळं तिथेच. शहराचा हा पूर्वेकडचा भाग, आरानुई, लिनवुड, न्यू ब्रायटन, २०११ च्या भूकंपात फार सोसलेला. घरं जुनी, भिंतींना ओल, एका छपराखाली तीन-तीन पिढ्या. आमच्या नेहमीच्या केंद्रावर माणसं वेळ घेऊन एकेकटी यायची. इथे गाड्या भरून कुटुंबंच्या कुटुंबं येत होती. स्वागताला मराएवरच्या बायका उभ्या होत्या, आत सूप आणि पाव मांडून ठेवलेला होता आणि लस घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं ते सगळ्यांनी मिळून एकाच लांब बाकावर.

एक आजी आल्या. हनुवटीवर गोंदण, हातात काठी. बरोबर तिशी ओलांडलेला नातू, मांसप्रक्रियेच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा. मी नातवाची माहिती भरत होते, तेवढ्यात आजी म्हणाल्या, ‘पोरी, याला मी जूनमध्येच आणलं होतं. माझी सुई होती त्या दिवशी. मला टोचली आणि याला म्हणाले, तुझं वय बसत नाही, तुझी पाळी आली की ये.’

आजी नातवाकडेच राहत होत्या. घरात सहा माणसं, दोन खोल्या. माओरी ज्येष्ठ आणि त्यांच्याबरोबर राहणारे यांना एकत्र लस देता यावी, म्हणून माओरी आणि पॅसिफिक संस्थांकडे काही साठा आधी दिलेला होता, पण तो तुटपुंजा होता. आजी ज्या केंद्रावर गेल्या, तिथे ती सोय लागू नव्हती. नातू परत गेला. मग त्याची पाळी आली तेव्हा वेळ घ्यायची ती संकेतस्थळावर, मोकळ्या वेळा मिळायच्या त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी दहा किंवा दुपारी दोन. पाळीवर असलेल्या माणसाला त्या वेळी सुटी घ्यायची तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. म्हणून तो मराएवरच्या शनिवारची वाट बघत राहिला. मधल्या काळातल्या रोजच्या आकड्यात तो ‘लस न घेतलेला माओरी’ म्हणून मोजला जात होता. जूनमध्ये तो दारापर्यंत येऊन गेला होता, याची नोंद कुठेच नव्हती.

मी डाव्या दंडाचा स्नायू चाचपला, सुई टोचली, कापूस दाबला. आजींनी नातवाच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर जाऊन फोन लावला. तासाभरात त्याच गल्लीतली आणखी दोन कुटुंबं आली.

वेळ घेऊनच यायचं, हा आमच्या केंद्रांचा हट्टही विनाकारण नव्हता. फायझरच्या लशीची कुपी वितळली की तिच्यात १.८ मिलिलिटर सलाइन घालायचं, कुपी हलक्या हातानं उलटसुलट करायची आणि ०.३ मिलिलिटरचे सहा डोस काढायचे. पातळ केलेली लस सहा तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. म्हणून किती माणसं येणार हे आधी कळावं लागतं. मराएवर हा हिशोब बायकांनी वेगळ्या रीतीनं सोडवला. त्यांच्याकडे आसपासच्या घरांची यादी होती, कुणाच्या घरी कोण आजारी, कोण भित्रं, कुणाला गाडी नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुपीत दोन डोस उरले की त्या दोन घरांना फोन करायच्या आणि दहा मिनिटांत माणसं हजर व्हायची. मी होते तोवर तिथे एक थेंबही वाया गेला नाही. लशीचा नियम तोच, सहा तासही तेच. फक्त व्यवस्था माणसांना ओळखणाऱ्यांच्या हातात होती.

मोजणीतही असंच एक भोक होतं. लसीकरणाची टक्केवारी काढायला छेदस्थानी जी लोकसंख्या धरली, ती आरोग्यसेवेच्या नोंदींवरून घेतलेली होती. २०२० मध्ये दवाखान्याशी काही ना काही संबंध आलेली माणसंच त्यात होती. जो डॉक्टरकडे गेलाच नाही, ज्याच्याकडे तपासणीची फी द्यायला पैसे नाहीत, जो एकदा अपमान होऊन परत फिरला आणि पुन्हा त्या दारात गेला नाही, तो मोजणीत नव्हताच. अशी माणसं माओरींमध्ये जास्त. म्हणजे मागे पडलेला जो आकडा टीव्हीवर दिसत होता, तोसुद्धा प्रत्यक्षाहून बरा होता. वंशाच्या रकान्यातही घोळ असायचे. गोऱ्या कातडीचा, निळ्या डोळ्यांचा एक गृहस्थ माझ्यासमोर बसला. जुन्या नोंदीत त्याचा वंश ‘युरोपीय’. मी नियमाप्रमाणे विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मी न्गाई ताहू.’ दक्षिण बेटावरची ही सगळ्यांत मोठी माओरी जमात. त्याच्या तोंडाकडे बघून कुणीतरी कधीतरी रकाना भरला होता. वंश माणसानं स्वतः सांगायचा, दुसऱ्यानं ठरवायचा नाही, असा इथला नियम आहे. तो पाळायला अर्धं मिनिट लागतं आणि त्या अर्ध्या मिनिटावर पुढची सगळी टक्केवारी उभी असते.

आम्हा आशियाई लोकांची टक्केवारी सगळ्यांत जास्त होती आणि त्याचं कौतुक होत होतं. तुम्ही लोक शहाणे, शिकलेले, विज्ञान मानणारे, असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलं. मला ते कौतुक घेववेना. आमच्यातले बरेच जण रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, विमानतळावर कामाला, म्हणून त्यांना लस पहिल्या टप्प्यांतच मिळालेली. आम्ही या देशात आलो ते वैद्यकीय तपासणी होऊन, शिक्षण आणि नोकरी दाखवून, निवडून आत घेतलेले. आमची टक्केवारी जर आमच्या शहाणपणाची ठरवली, तर माओरींची टक्केवारी त्यांच्या अडाणीपणाची ठरते. हे कौतुक आणि तो दोष एकाच मापातून निघतात. दोन्हींत माणसाची परिस्थिती गाळलेली असते.

ख्राइस्टचर्च रुग्णालयाच्या आवारात विटांचं एक लहानसं प्रार्थनामंदिर आहे, नर्सेसच्या स्मरणार्थ बांधलेलं. १९१५ मध्ये ‘मार्केट’ हे जहाज बुडालं, त्यात गेलेल्या नर्सेस आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झात रुग्णसेवा करताना गेलेल्या नर्सेस यांची नावं तिथे आहेत. ड्यूटी बदलताना मी तिथे कधी कधी बसते. त्या १९१८ च्या साथीचा सगळ्यांत बारकाईनं अभ्यास याच शहरातल्या कॅंटरबरी विद्यापीठाच्या जेफ्री राइस या इतिहासकारानं केला. देशभरात सुमारे नऊ हजार माणसं गेली. युरोपीय वंशाच्यांत मृत्यूचं प्रमाण हजारी सहाच्या आसपास, माओरींमध्ये त्याच्या जवळजवळ आठ पट. त्याच वर्षी ऑकलंडहून ‘तालुने’ हे जहाज न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत आजार घेऊन गेलं. बंदरात त्याला कुणी अडवलं नाही आणि तिथली जवळजवळ पंचमांश माणसं गेली. २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी त्याबद्दल सामोआची माफी मागितली. कोविड आला तेव्हा माओरी आणि सामोअन घरांत ही आठवण जिवंत होती. सरकार सांगेल तसं होईल यावर त्यांचा पटकन विश्वास बसत नव्हता, त्याला शंभर वर्षांचा अनुभव होता.

हे आकडे वाचताना मला मुंबईचे आकडे आठवतात. १९१८ च्या त्याच साथीत मुंबई शहरात युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३ होता आणि ‘हलक्या’ म्हणून नोंदवलेल्या जातींतल्या हिंदूंचा हजारी ६१.६. म्हणजे सात पटींहून जास्त. आठ पट इकडे, सात पट तिकडे, दोन बेटं आणि एक बंदर, मध्ये सगळा महासागर, आणि प्रमाण जवळजवळ तेच. मी हे इथल्या आमच्या गणेशोत्सवात बोलून दाखवलं तेव्हा मंडळी गंभीर झाली. मुंबईतली ती माणसं का मेली, हे कुणाला समजावून द्यावं लागलं नाही. एका खोलीत दहा माणसं, पाण्याचा नळ दूर, दवाखान्याच्या पायरीवरही शिवाशीव, आजारी पडलं तरी काम सोडता येत नाही. आपल्या माणसांबद्दल ही कारणं आपल्याला चटकन कळतात. शेजारच्या माणसांबद्दलही तीच लावायला हवीत, एवढंच माझं म्हणणं होतं. त्या दिवशी बऱ्याच जणांनी ते मानलं.

आणखी एक गोष्ट मी तिथे सांगितली, कारण ती आपल्या कातडीशी थेट जोडलेली आहे. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कातडीतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. गडद कातडीवर ते कधी कधी असलेल्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये हे मांडलं. यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसत असताना प्रत्यक्षात धोकादायक कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत सुमारे ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के निघालं. तेव्हापासून सावळ्या रुग्णाच्या बोटावर ९३ दिसलं तरी मी त्याच्या छातीची हालचाल बघते, बोलताना वाक्य तुटतंय का ऐकते, आणि शंका आली की डॉक्टरांना धमनीतल्या रक्ताची तपासणी करायला सांगते.

म्हणजे लोकांना विषमतेचे आकडे कळले की सगळं सुधारेल का? मला तसं वाटत नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोविडचा फटका काळ्या आणि इतर अल्पसंख्य लोकांना जास्त बसतो, ही जाणीव ज्या गोऱ्या माणसांत जास्त होती, त्यांच्यात कोविडची भीती आणि काळजी घेण्याच्या नियमांना असलेला पाठिंबा कमी आढळला. ‘हा त्यांचा आजार, आपला नव्हे’ असा अर्थ मनात घेतला जात होता. हे वाचून मला आमची चहाची खोली आठवली. कोविडच्या डेल्टा प्रकाराचे रुग्ण २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस ख्राइस्टचर्चमध्ये सापडले, तेव्हाही काहींच्या बोलण्यात तोच सूर होता.

म्हणून जाणीव कशाची करून द्यायची, हा खरा मुद्दा आहे. याच शहरातल्या कॅंटरबरी विद्यापीठाचे अॅलेक्स जेम्स आणि मायकल प्लँक यांच्यासारखे गणितज्ञ ज्या गटात होते, त्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं, की वय आणि आधीचे आजार हिशोबात घेऊनसुद्धा कोविड झालेल्या माओरींना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट आणि पॅसिफिक लोकांना तिप्पट आहे. हा अडीच पटीचा आकडा नुसता सांगितला की ऐकणारा समजतो, त्यांच्या शरीरातच काहीतरी उणं असणार. त्यासोबत दमट घर, गर्दी, घरून करता न येणारी कामं आणि डॉक्टरकडे उशिरा पोहोचणं सांगितलं, की ऐकणारा विचारतो, मग घरांचं काय करायचं? पहिल्या माणसाशी बोलणं तिथेच संपतं. दुसऱ्याशी बोलून काही काम पुढे नेता येतं.

२०२२ च्या ओमायक्रॉनच्या लाटेत हे मी पुन्हा पाहिलं. सात दिवस घरात वेगळं राहा, हा सल्ला दोन खोल्यांत सहा माणसांना देता येत नाही. पूर्वेकडच्या भागात माओरी आणि पॅसिफिक संस्थांच्या गाड्या किराणा, औषधं आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या. त्या गाड्या नसत्या तर रुग्णालयातली गर्दी कितीतरी वाढली असती, हे वॉर्डात काम करणारी कुठलीही नर्स सांगेल.

साथ ओसरली आणि लोक विसरायला लागले. माओरी आरोग्याचा कारभार माओरींच्या हाती देणारं ‘ते आका फाय ओरा’ हे प्राधिकरण जुलै २०२२ मध्ये सुरू झालं आणि सरकार बदलल्यावर जून २०२४ अखेर बंदही झालं. मधल्या काळात, २०२३ मध्ये, ऑकलंडमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत तातडी, किती दिवस वाट पाहिली, राहण्याचं ठिकाण, गरिबी यांच्या जोडीला वंशही एक निकष धरला म्हणून देशभर गदारोळ झाला. ‘वंशावरून रांग का?’ असं विचारणाऱ्या कितीतरी लोकांना २०२१ ची रांग आठवतच नव्हती. तेव्हा वंशाचा उल्लेखही न करता एक वंश मागे राहिला होता. त्याचं कारण त्या वेळी सगळ्यांना समजलं असतं, तर २०२३ चं बोलणं वेगळ्या पायावर झालं असतं.

नव्यानं आलेल्या भारतीय आणि फिलिपिनो नर्सेसना मी आता शिकवते. त्यांना मी इरिहापेती राम्सडेन यांच्याबद्दल सांगते. त्या स्वतः न्गाई ताहू आणि रांगिताने जमातींच्या, पेशानं नर्स. १९८८ मध्ये ख्राइस्टचर्चमध्येच भरलेल्या एका सभेत पहिल्या वर्षाच्या माओरी विद्यार्थिनीनं उठून विचारलं होतं, की कायद्याची, नीतीची, कौशल्याची सुरक्षितता तुम्ही शिकवता, पण आमच्या संस्कृतीची सुरक्षितता कोण बघणार? राम्सडेन यांनी तो प्रश्न उचलून आयुष्यभर लावून धरला आणि १९९२ पासून तो न्यूझीलंडच्या नर्सिंग अभ्यासक्रमाचा भाग झाला. आपण दिलेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणारा ठरवतो, नर्स नव्हे. मी शिकवते तेव्हा याचा अर्थ अगदी रोजच्या कामात उतरवून सांगते. पत्ता विचारताना घरात किती माणसं आहेत हेही विचारा. रुग्ण आला नाही तर ‘गैरहजर’ लिहिण्याआधी फोन करा आणि का येता आलं नाही ते लिहा. वंश विचारून लिहा.

महाराष्ट्रालाही हे लागू आहे. २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली, ती आधी कोविन अॅपवर नोंदणी करणाऱ्यांसाठी. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याचं काय, असं सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारला विचारलं. त्याच काळात नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन पुरला, कारण जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्येच ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले होते. ते स्वतः भिल्ल समाजातले आणि त्याच मुलुखात वाढलेले. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला दूरच्या शहरातल्या रुग्णालयात पोहोचणं किती अवघड आहे, हे त्यांना वेगळं कुणी सांगावं लागलं नाही.

मराएवरच्या बायकांनी आणि नंदुरबारच्या त्या अधिकाऱ्यानं केलं ते काम एकच आहे. ज्यांना वगळलं जाईल, त्यांची परिस्थिती नियम ठरवण्याआधीच माहीत असलेली माणसं तिथे होती. पुढची साथ येईल तेव्हा लशीची आणि खाटांची रांग कशी लावायची, हे ठरवणाऱ्या पहिल्याच बैठकीत अशी माणसं बसलेली हवीत आणि त्यांचं म्हणणं बंधनकारक हवं. जनजागृती करायचीच असेल तर ती याची करा. आकडे लोकांना सांगावेतच, पण प्रत्येक आकड्याबरोबर तो कुठल्या नियमातून आला हेही सांगावं. नियम माणसांनी केलेला असतो, म्हणून तो बदलता येतो, आणि तो बदला असं म्हणायचा हक्क आणि जबाबदारी आकडा ऐकणाऱ्या प्रत्येकाची आहे.